डावीकडचा आरसा

आहेर काकांची मोटार उजवीकडून पाहिली तर शोरूममधून सकाळीच बाहेर काढल्यासारखी दिसायची. फिकट निळा रंग, दर रविवारी मारलेलं पॉलिश, चाकांच्या झाकणांवर धुळीचा कण नाही. डावीकडून पाहिली की मात्र जत्रेत मारामारी करून आल्यासारखी वाटायची. पुढच्या चाकाच्या वर एक खोल पोचा, दाराला दोन, आणि मागे पार दिव्यापर्यंत गेलेला लांबलचक ओरखडा. नवीन माणूस हटकून विचारायचा, "काका, गाडी एवढी जपता, मग ही बाजू का नाही करून घेत?" काका त्याला हाताला धरून डावीकडे न्यायचे आणि एकेका पोच्यावर बोट ठेवून ओळख करून द्यायचे. "हा जोशी मास्तरांचा. हा मंगलच्या सासूचा. आन् हा आमच्या हिचा." सांगण्याची तऱ्हा अशी, की समोरच्याने त्या पोच्याला वाकून नमस्कार करायचाच काय तो बाकी राहायचा.

मंगल म्हणजे मी. सासूबाईंच्या पोच्याची गोष्ट पुढे येईल. ती सांगितल्याशिवाय मला राहवणार नाही, आणि सासूबाई आता रागवायला नाहीत.

मी लग्न होऊन नाशिकला आले ती नव्वदच्या दशकाची सुरुवात होती. उपनगरात, पुणे रस्त्यापासून जरा आत, आमची तीन बिल्डिंगांची कॉलनी. शेजारच्या बिल्डिंगमध्ये तळमजल्यावर चिंतामण आहेर राहायचे. मूळचे चांदवडकडचे. घरी कांद्याची शेती, ती धाकटा भाऊ बघायचा. काका शिकले, सातपूरच्या एका कारखान्यात लागले आणि सुपरवायझर झाले. त्यांची बायको, शालनकाकू, मी येण्याच्या आदल्याच हिवाळ्यात गेल्या होत्या. एकुलता एक मुलगा प्रशांत पुण्याला हॉस्टेलवर शिकत होता. त्यामुळे घरात काका, आणि दारात एक मोटारसायकल आणि एक मोटार. एकट्या माणसाला सहा चाकं, असं आमचे हे म्हणायचे. एरवी आमच्या ह्यांना विनोद जमत नाही.

पुढे मलाही त्याच कारखान्याच्या ऑफिसात नोकरी लागली. उपनगर ते सातपूर म्हणजे शहराचं एक टोक ते दुसरं टोक, आणि बस द्वारकेला बदलायची. द्वारकेच्या त्या चौकात ट्रक, रिक्षा, टेम्पो आणि हातगाड्या यांच्यातून दुसरी बस पकडणं हीच एक नोकरी होती. पहिल्या आठवड्यात मी रोज उशिरा पोचले. रविवारी संध्याकाळी काका आमच्या घरी आले. माझ्याकडे बघितलंही नाही. सासूबाईंसमोर खुर्चीत बसले आणि म्हणाले, "वहिनी, माही मोटारसायकल रोज सातपूरला रिकामी जाते. तुमची सून रोज बसमदी चेंगरून जाते. तुमची हरकत नसंल तर हे दोन्ही एकत्र करू."

सासूबाईंनी जरा विचार केला. शेजारपाजाऱ्यांचाही केला असणार. मग त्या म्हणाल्या, "सावकाश चालवता ना, भाऊजी?"

"पाठीमागं माणूस असलं की सावकाश. एकटा असलो की त्याहून सावकाश," काका म्हणाले. खरंच होतं. सायकलवाले आम्हाला ओलांडून जायचे.

त्या मोटारसायकलला साडीगार्ड होतं आणि बायकांना पाय ठेवायची लोखंडी पट्टी होती. मागच्या माणसाचे फूटरेस्ट मागे कुणी नसलं की लोक वर दुमडून ठेवतात. काकांचे कायम उघडे असायचे. मी एकदा विचारलं तर म्हणाले, "वाटंत कोणी हात केला, तर परत खाली वाकायला नको." आणि खरोखर ते कुणालाही बसवायचे. मी रजेवर असले की दुसऱ्या दिवशी मला माझ्या जागेवर बसलेल्या माणसाची सगळी माहिती मिळायची. तो कुठला, मुलगी कुठे दिलीय, गुडघे कधीपासून दुखतात, सगळं.

मोटारसायकलला आरसा एकच, उजवीकडचा. बायका मागे बसतात त्या डावीकडे तोंड करून, त्यामुळे डावीकडचं बघायचं काम मला आपोआपच मिळालं. वळायच्या आधी काका नुसती मान किंचित मागे करायचे आणि मी म्हणायचं, "या काका, मोकळं आहे." नाहीतर म्हणायचं, "थांबा, रिक्षा आहे." पहिल्या दिवशी मी नुसतं "हं" म्हणाले. काकांनी गाडी बाजूला घेऊन उभी केली. "हं म्हंजे काय? येऊ का थांबू? सरळ सांगायचं. आपल्या सांगण्यावर माणूस गाडी घालतो." तेव्हापासून मी सरळ सांगते. घरात, ऑफिसात, सगळीकडे. त्याचा काही ठिकाणी त्रासही झाला.

थंडीत काका स्वेटरच्या आत छातीवर वर्तमानपत्राची घडी घालायचे. वारा लागत नाही म्हणून. कारखान्यात पोचलं की तीच घडी उलगडून जेवणाच्या सुट्टीत वाचायचे, आणि बातम्या अंगाच्या उबेने गरम असतात म्हणून मला दाखवायचे. गाडी चालवताना त्यांची बडबड चालूच असायची. ते पुढे बोलायचे, वारा शब्द उडवायचा, आणि मागे माझ्यापर्यंत निम्मंच पोचायचं. विषय मात्र एकच असायचा, मोटारी.

मोटारींचं त्यांना वेडच होतं. पण कंपनीचं नाव त्यांच्या तोंडून कधी ऐकलं नाही. सगळ्या गाड्यांशी त्यांनी नाती जोडली होती. जुनी, भरदार, सरकारी लोक वापरायचे ती पांढरी मोटार म्हणजे आत्याबाई. ती आली की रस्ता द्यायचा, नाहीतर रागावते. जीप म्हणजे मामा, कारण गावाकडून येतो आणि चिखल घेऊन येतो. आणि तेव्हा जी छोटी, टुमदार गाडी शहरात जिकडेतिकडे दिसायला लागली होती तिला ते जावईबापू म्हणायचे. दिसायला नाजूक, घरात शिरला की हलायचा नाही.

आवाजावरून गाडी ओळखता येते अशी त्यांची ठाम समजूत होती. सातपूरच्या चहाच्या टपरीवर ते डोळे मिटून बसायचे, कान रस्त्याकडे. "मामा. म्हातारा. तिसऱ्या गिअरला कण्हतोय." डोळे उघडून बघावं तर कोपऱ्यावरची रसवंती चालू झालेली असायची. दहातल्या सात वेळा ते चुकायचे, आणि चुकल्यावर त्या गाडीवरच चिडायचे की हिचा आवाज असा का. टपरीवरची माणसं मुद्दाम त्यांना डोळे मिटायला लावायची. काकांना ते कळायचं. तरी ते मिटायचे, कारण तेवढा वेळ सगळे त्यांच्याभोवती गोळा व्हायचे.

हे सगळं मोटारींचं वेड, आणि स्वतःची मोटार मात्र आठवडाभर खोळीखाली. कारण तिचा एक नियम होता. शेजारी माणूस बसल्याशिवाय ती रस्त्यावर काढायची नाही.

ती मोटार त्यांनी देवळाली कॅम्पातल्या एका म्हाताऱ्या पारशी डॉक्टरांकडून घेतली होती, शालनकाकूंसाठी. काकूंना दमा होता. नाशिकच्या थंडीत मोटारसायकलवर बसलं की त्यांना धाप लागायची, म्हणून चारी बाजूंनी बंद अशी गाडी हवी होती. पुढची सीट बाकासारखी सलग, गिअर स्टिअरिंगलाच. त्या काळच्या पुष्कळ गाड्यांसारखा हिलाही उजवीकडे एकच आरसा. डावीकडचं काकू बघायच्या. खिडकीतून डोकं बाहेर काढून "या" किंवा "थांबा" म्हणायच्या. काकू गेल्यावर ती जागा रिकामी झाली, आणि काकांनी तिथे आरसा बसवला नाही. कुणी सुचवलं की त्यांचं उत्तर ठरलेलं असायचं. "आरसा बसवला की मंग माणूस कशाला लागतंय?"

तेव्हा कॉलनीत दुसरी मोटार नव्हती, त्यामुळे माणसांना तोटा नव्हता. कुणाला स्टेशनवर सोडायचं असो, कुणाचे वडील दवाखान्यात न्यायचे असोत, काका तयार. दसऱ्याला गाडी धुऊन, झेंडूची माळ घालून, चाकांखाली लिंबं ठेवून पूजा व्हायची, आणि मग कॉलनीतली सगळी पोरं आळीपाळीने आत कोंबून एकेक फेरी व्हायची. पण काकांच्या दृष्टीने त्या गाडीचं सगळ्यात मोठं काम म्हणजे बाळाला घरी आणणं. कॉलनीतली निम्मी पोरं जन्मल्यावर दवाखान्यातून त्या गाडीतूनच घरी आली. दारात बाळबाळंतिणीवरून भाकरतुकडा ओवाळून टाकला की काका म्हणायचे, "आता हिच्यावरून पण." मग गाडीवरूनही ओवाळायचा. माझी सासू हे सगळं मनापासून करायची.

माझी ऋतुजा झाली तेव्हा सासूबाई पुढे बसल्या, मी बाळाला घेऊन मागे. काकांनी निघण्याआधी त्यांना काम नीट समजावून दिलं. "वहिनी, डावी बाजू तुमच्याकडं." सासूबाईंनी मान डोलावली. पण डावीकडे देवळंही असतात. द्वारकेच्या अलीकडे एक देऊळ लागलं तसे सासूबाईंनी हात जोडले, डोळे मिटले, आणि नातीसाठी देवाकडे बरंच काही मागायला सुरुवात केली. काकांनी विचारलं, "येऊ का, वहिनी?" सासूबाई डोळे मिटूनच म्हणाल्या, "येऊ दे रे बाबा, सगळं चांगलं येऊ दे."

काकांनी गाडी डावीकडे घेतली आणि ती केळ्यांच्या हातगाडीला भिडली. केळी रस्त्यावर, हातगाडीवाला कपाळाला हात लावून उभा, आणि मागच्या सीटवर ऋतुजाने जन्मल्यापासूनचा सगळ्यात मोठा आवाज काढलेला. काका खाली उतरले. मला वाटलं, आता काही खरं नाही. त्यांनी पोचा बघितला, हातगाडीवाल्याची माफी मागितली, त्याच्याबरोबर खाली बसून केळी गोळा केली, आणि परत येऊन सासूबाईंना म्हणाले, "वहिनी, देवाकडं काय काय मागितलं?" सासूबाईंनी यादी सांगितली. "मंग एवढं भागलं ते स्वस्तात," काका म्हणाले, आणि घरापर्यंत हसत आले. तो पोचा त्यांनी कधीच काढून घेतला नाही. ऋतुजा बोलायला लागल्यावर तिला कडेवर घेऊन दाखवायचे, "हे बघ, तू आलीस त्या दिवशीचं."

दोन हजार साल उलटलं आणि कॉलनी बदलली. बँका दारात येऊन कर्ज द्यायला लागल्या. आधी जोशी मास्तरांच्या मुलाकडे जावईबापू आले, मग वरच्या मजल्यावर, मग समोरच्या बिल्डिंगमध्ये दोन. गाड्या लावायला जागा पुरेना म्हणून सोसायटीच्या सभेत भांडणं व्हायला लागली. प्रत्येक नवीन गाडी आली की तिचं कौतुक करायला सगळ्यात आधी काका हजर. बॉनेट उघडून बघायचे, बसून बघायचे, पेढा खायचे. आणि प्रत्येक नवीन गाडीबरोबर त्यांच्या शेजारी बसणारं एक घर कमी व्हायचं. स्टेशनवर सोडायला कुणी बोलवेना. बाळं ज्याच्या त्याच्या गाडीतून घरी यायला लागली. त्या काळात त्यांचा चेहरा बघवायचा नाही, हे मी सरळच सांगते. तक्रार कधी केली नाही त्यांनी. करणार तरी कुणाविरुद्ध?

त्याच सुमारास माझी ऑफिसची वेळ बदलली आणि मीही बिनगिअरची स्कूटर घेतली. शिकवली काकांनीच, रिकाम्या मैदानावर, माझ्या मागे धावत. स्कूटरलाही आरसा एकच आला होता. दुसऱ्याच दिवशी काका पिशवीतून पाना आणि आरसा घेऊन आले आणि डावीकडे बसवून दिला.

मी म्हटलं, "आणि काका, आरसा बसवला की माणूस कशाला लागतं?"

"तुह्या घरात माणसं हायेत," ते नट आवळत म्हणाले. "तू वेळेवर घरी ये."

दुसऱ्या दिवसापासून ते मोटारसायकलवर एकटे जायला लागले. कधी द्वारकेला मी त्यांना मागून गाठायचे. फूटरेस्ट दोन्ही बाजूंना उघडेच असायचे.

प्रशांत शिकून बंगळूरला नोकरीला लागला होता, लग्न झालं होतं, मुलगा झाला होता. नातवाचं जावळ चांदवडच्या देवीला काढायचं ठरलं तेव्हा काकांच्या अंगात वारं शिरलं. दोन महिने ते गाडीच्या मागे होते. टायर बदलले, सीटची कव्हरं नवी शिवली, आतला दिवा लागत नव्हता तो लावला. मला सांगून झालं होतं, सासूबाईंना सांगून झालं होतं, दूधवाल्यालासुद्धा सांगून झालं होतं, की पुढे प्रशांत बसणार, मांडीवर नातू. "तीन पिढ्या एका सीटवर," ते म्हणायचे. ती सलग सीट त्यांना तेवढ्याचसाठी केलेली वाटत असावी.

प्रशांत चांगला मुलगा आहे, त्याच्याबद्दल वाईट बोलायचं नाही मला. उन्हाळा होता, मूल लहान होतं, आणि त्याच्या बायकोला धुळीचा त्रास होता. त्याने एक मोठी एसी गाडी ड्रायव्हरसकट ठरवून टाकली. सकाळी ती दारात उभी राहिली तेव्हा काका हातात पिवळं फडकं घेऊन आपल्या गाडीपाशी होते. प्रशांत म्हणाला, "बाबा, आपण सगळे आरामात जाऊ ना. तुम्हीपण थकता." काकांनी फडकं घडी करून खिशात घातलं आणि त्या गाडीत पुढे, डावीकडे जाऊन बसले.

पुढचं प्रशांतनेच संध्याकाळी आमच्या घरी सांगितलं. निघाल्यापासून काका खिडकीची काच खाली करून डोकं बाहेर काढत होते आणि ड्रायव्हरला सांगत होते, "ये, मोकळं हाय. थांब, थांब, ट्रॅक्टर हाय." एसी सगळा बाहेर. शेवटी ओझरच्या पुढे ड्रायव्हर वैतागून म्हणाला, "बाबा, मला आरसा हाय ना. तुम्ही निवांत बसा." प्रशांतने ड्रायव्हरची नक्कल फार छान केली. आम्ही सगळे हसलो, काकाही हसले. मग त्यांनी चहा अर्धा ठेवला आणि देवाचा प्रसाद द्यायचा राहिलाय म्हणून घरी गेले. प्रसाद आमच्या पुढ्यातच होता.

परत जाण्याआधी प्रशांतने द्वारकेच्या एका दुकानातून डावीकडचा आरसा आणला, खोक्यासकट. "बाबा, एकटे असता, हा लावून घ्या. मला तिकडे काळजी नको." काका म्हणाले, "बरं झालं आणलास." खोकं गाडीतल्या कप्प्यात ठेवलं आणि कप्पा बंद केला.

त्यानंतरच्या एका रविवारी मी भाजी घेऊन येत होते. काकांची गाडी खोळीबाहेर, इंजिन चालू, आणि काका आत बसलेले. जवळ गेले तर ते डावीकडे बसले होते, स्टिअरिंगच्या समोर कुणी नाही. मी विचारलं, "काका, हे काय?"

"बघतोय," ते म्हणाले. "हितून तिला काय काय दिसायचं ते."

मी भाजीची पिशवी मागच्या सीटवर टाकली, त्यांना उजवीकडे सरकायला लावलं आणि आत बसले. "चला. डावी बाजू माझ्याकडे." कुठे जायचं ते दोघांनाही माहीत नव्हतं. देवळाली कॅम्पापर्यंत गेलो. मी प्रत्येक वळणाला डोकं बाहेर काढून सरळ सांगत होते. काका त्या दिवशी गाड्यांबद्दल काही बोलले नाहीत. परत येताना मी विचारलं, "काका, काकूंचा पोचा कशाचा?"

"वरातीचा," ते म्हणाले. "डाव्या बाजूनं वरात चालली होती. नवरदेव घोड्यावर, आन् घोडं मागं सरकाया लागलं. ही हसत बसली. मी विचारतोय येऊ का, येऊ का, आन् हिला हसू आवरंना. हसता हसता धाप लागली. मी तिच्याकडं बघितलं, आन् गाडी गेली खांबाला." त्यांनी गिअर बदलला. "लय चुकायची ती. दर फेरीला काहीतरी घोटाळा. आरसा चुकत नसंल, मंगल. पण बोलत बी नाय. घरात गेलं की कोणी येऊ का म्हनत नाय, थांब म्हनत नाय. मी निवृत्त झालो की हितं काय करू, सांग."

सरळ सांगायची एवढी सवय लागलेली, आणि तेव्हा नेमकं काही सुचलं नाही. रडू आलं तेवढं डावीकडचं बघायच्या निमित्ताने खिडकीबाहेर लपवलं.

मग जमेल तेव्हा मी रविवारी जायचे, कधी ऋतुजा जायची. पण तिचे क्लास असायचे, माझी घरची कामं असायची, आणि काकांना ते दिसत होतं. ते आम्हाला बोलवेनासे झाले. फक्त आम्ही खिडकीत दिसलो की गाडीवर फडकं मारायचं काम जरा लांबवायचे.

निवृत्त झाल्यावर वर्षभरातच त्यांनी ठरवलं, की भावाकडे गावी जायचं. प्रशांत बंगळूरला बोलवत होता, पण तिथे चौदाव्या मजल्यावर काय करू, असं त्यांचं म्हणणं. गावी निदान अंगणात माणसं असतात. मोटारसायकल पुतण्या येऊन घेऊन गेला. मोटार त्यांनी स्वतः न्यायची होती. मी लगेच म्हटलं, "काका, रविवारी जाऊ. मी आणि ऋतुजा पुढे बसतो. तुम्हाला घरापर्यंत सोडून आम्ही एसटीने परत येऊ." ऋतुजा तर उड्याच मारत होती. तिला तिच्या पोच्याच्या गाडीतून लांब जायचं होतं.

काकांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला. "आन् मंग तुम्ही एसटीत बसल्यावर मी त्या रिकाम्या सीटकडं बघत उभं राहायचं?" असं हसत म्हणाले. मग म्हणाले, "बरं. रविवारी."

तो बुधवार होता की गुरुवार, ते आता आठवत नाही. मी रोजच्यासारखी ऑफिसला निघाले होते. द्वारकेला पोलिसाने आमची बाजू अडवून धरली होती. पुढे ट्रक, रिक्षा, शाळेच्या गाड्या. मी वाट काढत काढत पुढे सरकले आणि डोळ्यांसमोर पोचे आले. पुढच्या चाकावर जोशी मास्तर, दाराला सासूबाई आणि काकू. रविवारपर्यंत थांबायचं कबूल केलेला माणूस माझ्यापुढे दोन रिक्षांच्या अंतरावर उभा होता.

मागची सीट छतापर्यंत भरलेली. गाद्या, ट्रंक, देवाचं फळकूट, डबे, घडी केलेली खाट, त्यावर दोरीने बांधलेला स्टोव्ह. मागचं काही दिसणं शक्यच नव्हतं. पुढे मात्र त्यांनी एक पिशवीसुद्धा ठेवली नव्हती. डावीकडची जागा झाडून पुसून मोकळी होती.

आणि दाराला, सासूबाईंच्या पोच्याच्या वर, आरसा होता. नवा कोरा. त्याच्यावरचं कागदी लेबल अजून काढलेलं नव्हतं.

त्या आरशात काकांचे डोळे होते. त्यांना उजवीकडे वळायचं होतं, आग्रा रस्त्याला, चांदवडकडे. डावीकडे बघायचं काही कारण नव्हतं. तरी ते डावीकडेच बघत होते. मग त्या डोळ्यांना मी दिसले. त्यांनी मान फिरवली नाही, हाक मारली नाही. आरशातूनच बघत राहिले, आणि मीही बघत राहिले. खाली उतरून त्या जागेवर जाऊन बसावं असं मला फार वाटलं. पण पोलिसाने हात खाली केला आणि सगळ्यांचे हॉर्न एकदम वाजायला लागले.

"या काका," मी ओरडले. "या, मोकळं आहे."

त्यांना ऐकू गेलं की नाही कोण जाणे. त्यांनी उजवा हात बाहेर काढला आणि गाडी सावकाश, नेहमीसारखी फार सावकाश, सर्कलला वळसा घालून ट्रकांमागे गेली. माझ्या मागचा रिक्षावाला हॉर्नवरचा हात काढेना. मी डावीकडच्या आरशात बघितलं आणि सातपूरच्या रस्त्याला लागले.